आखाजीचा निंब

गावाचा डांबरी रस्ता संपतो तिथे निंब आहे.
आखाजीला त्याच्यावर सात दोर पडतात.
लेकी येतात, दोंडाईचा, पारोळा, सुरत, निजामपूर,
काखेत पोर, पिशवीत सांजोऱ्यांचा डबा,
आणि साऱ्यांची पोरं दिवसभर त्याच सात दोरांवर.

त्या साली कौतिकचं घर
बारडोलीच्या ऊसतोडीहून उशिरा परतलं.
वेणूचे डोळे लाल, नाक वाहतं.
झिपाबाईनं कांदा फोडून हुंगवला. म्हणाली, ऊन लागलं.
सहा महिन्यांनी दिसलेलं लेकरू,
ज्यानं त्यानं मांडीवर घेतलं.
हिलाल पाटलाच्या सुनेनं आपल्या पोराच्या वाटीतला
उरलेला आमरस तिला पाजला.

पुरळ उठायला अजून चार दिवस होते.
गोवराला तेवढे पुरतात.
पोर उठून घरी गेलं तरी
तो दोन-दोन तास बसून राहतो त्या खोलीत,
चहासुद्धा न मागता.

मग वेणूच्या कानामागून लाली उतरली गळ्यावर, पोटावर.
झिपाबाईनं दाराला डहाळा खोचला.
घरात फोडणी बंद, केस विंचरणं बंद.
मी पायरीवर उभी, हातात रजिस्टर.
'सुई कसाले वं आते? माय उनी शे. पाहुनी शे घरनी.'
आणि पाहुणीला भेटायला अख्खी गल्ली आली.
दहीभात घेऊन, पदर सावरून,
लेकरांची डोकी बाजेला टेकवत.
एकीनं तर आपली दोन्ही मुद्दाम तिथंच निजवली:
एकदाचा निघून जाऊ दे सगळ्यांचा.

आठ-दहा दिवसांत तिकडच्या गल्लीतही ताप.
लोक म्हणाले, ऊसवाल्यांनी आणला.
त्यांच्या बायकांना नळावर शेवटी उभं केलं.
हिलाल पाटलाचा नातू इंग्रजी शाळेत,
टाय लावून जातो.
त्याच्या कार्डावर दोन्ही घरं कोरी.
सून म्हणाली, मोबाईलवर आलं होतं काहीतरी,
खरं-खोटं कोण बघतं, भीती वाटली एवढंच.
तिला नळावर कुणी मागं उभं केलं नाही.

आता माझं सांगते.
कार्तिकात डोस होते. पेटीतला बर्फ वितळत होता,
कौतिकचं घर नाल्यापलीकडे,
आणि मला माहीतच होतं की ते गेले असणार.
'स्थलांतरित' लिहिलं आणि परतले.
त्यांचा ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी निघाला.
वेणू त्या सकाळी अंगणात
खराट्याच्या काड्या मोजत बसली होती म्हणे.

विमल निजामपूरहून आली होती.
तिचं बाळ नऊ महिन्यांचं व्हायला बावीस दिवस कमी.
तिचं कार्ड प्लास्टिकमध्ये, पुढची तारीख पाठ.
तिनं काही चुकवलं नव्हतं.
फक्त माहेरी आली होती,
आणि बाळाला एकदा झोक्यावर बसवलं होतं,
हात न सोडता.
त्या तारखेला मी फोन केला.
तिकडून कुणीतरी म्हणालं, झोळी सोडली आम्ही.

कौतिकच्या धाकट्याला ताप भरला तेव्हा
मी झिपाबाईला डॉक्टरांनी दिलेला अ जीवनसत्त्वाचा डोस दाखवला.
तिनं बाटलीचा वास घेतला. नको म्हणाली नाही.
मग मीच निंबाची फांदी तोडून आणली.
म्हटलं, आते, डहाळा बांधाच.
पण असा बांधा की कुणी आत यायला नको.
पाया पडायलाही नको.
ती म्हणाली, 'मंग माय एकली पडी जाई ना.'
म्हटलं, पडू द्या.

बराच वेळ ती बोलली नाही.
गल्लीतून दहीभाताची ताटली येताना दिसली,
तशी उठली, बाज ओढून उंबऱ्याबाहेर टाकली
आणि तिच्यावर आडवी होऊन
दार अडवून बसली.